उरलेला रंग चित्रवहीच्या पानावर टिकतो कशामुळे?

घरात रंग उरतात ते नाना तऱ्हांचे. पोस्टर कलरच्या अर्ध्या बाटल्या, ॲक्रिलिकच्या संपत आलेल्या ट्यूब, माळ्यावर ठेवून दिलेला इमल्शनचा डबा, मुलांच्या ऑइल पेस्टलचे तुकडे. आर्ट जर्नलच्या एकाच पानावर हे सगळं वापरता येतं. मात्र कशावर काय लावायचं, हे त्या-त्या रंगातल्या बाइंडरवर ठरतं. रंगद्रव्याची पूड कागदाला धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे बाइंडर.

लेबल निघून गेलं असेल तर आधी चाचणी घ्या. कागदावर रंगाचा पातळ पट्टा ओढून एक दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवशीही तो बोटाला चिकटत असेल, तर बहुधा तेलरंग. वाळला असेल तर ओला कापूस त्यावर हलकेच घासा. कापसाला रंग लागला, तर बाइंडर पाण्यात विरघळणारा आहे. जलरंगात बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक असतो. पोस्टर कलरमध्ये डिंक किंवा डेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेला गोंद. कापूस कोरा राहिला, तर दुसऱ्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन घासा. रंग मऊ पडून निघू लागला तर तो बहुतेक ॲक्रिलिक. त्यालाही दाद देत नसेल तर एनॅमल, म्हणजे दारं-खिडक्यांचा ‘ऑइल पेंट’.

ॲक्रिलिक पाण्यात विरघळलेलं नसतं. प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांवर दाबले जातात, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या त्यांच्या बाजू चपट्या होतात, आणि शेवटी ते मिसळून सलग पापुद्रा बनतो. यानंतर कितीही पाणी घाला, तो पुन्हा रंग होत नाही. डिंकाचं तसं नसतं, तो दरवेळी नव्याने विरघळतो. म्हणून जाड पोस्टर कलरवर ॲक्रिलिक लावलं, की त्यातल्या पाण्याने खालचा डिंक मऊ पडतो, आणि वाळल्यावर पान दुमडताच वरचा पापुद्रा खालची भुकटी घेऊन सुटतो. क्रम उलटा ठेवा: खाली ॲक्रिलिक, वर पोस्टर कलर. चकचकीत ॲक्रिलिकवर पोस्टर कलरचे थेंब गोळा होतात, तेव्हा मधे मॅट मीडियमचा (रंगद्रव्य नसलेलं, चमक नसलेलं ॲक्रिलिक) किंवा जेसोचा (रंगाखाली लावायचं पांढरं अस्तर) एक हात द्या. जेसोत खडूची पूड असते, तिच्या खरखरीतपणावर रंग धरतो.

ऑइल पेस्टलमधलं तेल आणि मेण कधीच कडक होत नाही. ते सगळ्यात शेवटी वापरावं. त्यावर जलरंग मुद्दाम सोडला तर तो बाजूला सरतो आणि खालची रेघ उठून दिसते. हा परिणाम सुंदर असतो. त्यावर ॲक्रिलिकचा जाड थर मात्र नखानेही निघतो. तेलरंग थेट कागदावर नकोच. तेल तंतूंमध्ये पसरून रंगाभोवती पिवळट कडा येते, आणि कालांतराने कागद ठिसूळ होतो. आधी जेसोचे दोन हात हवेत.

पान वाकडं होण्याचं कारण कागदाच्या तंतूत आहे. सेल्युलोजचा तंतू पाणी पिऊन लांबीपेक्षा जाडीत कितीतरी जास्त फुगतो, त्यामुळे एका बाजूने ओलं केलेलं पान वळतं. १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) कागदाच्या वहीत हे होणारच. ३०० जीएसएमचा कागद घ्या, किंवा दोन पानं चिकटवून एक करा. जेसो दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि पान जवळजवळ वाळल्यावर वजनाखाली ठेवा.

भिंतीच्या इमल्शनने मोठी पार्श्वभूमी छान भरते, पण जरा सांभाळून. मॅट इमल्शनमध्ये भुकटी जास्त आणि बाइंडर कमी, कारण भिंत दुमडत नाही. वहीच्या शिवणीजवळ तो तडकतो. तीन भाग इमल्शनला एक भाग मॅट मीडियम मिसळलं तर लवचीकपणा येतो. डिस्टेंपर वापरूच नये, त्याची भुकटी हाताला लागत राहते. एनॅमलचे जुने डबे तसेच राहू द्या: भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यात किती असेल सांगता येत नाही. असा रंग पॉलिशपेपरने घासू नये.

पॅलेटवर उरलेलं ॲक्रिलिक पॉलिथिनच्या फाइलवर एक मिलिमीटरपेक्षा पातळ पसरा. पॉलिथिनला ते चिकटत नाही. दोन दिवसांनी पापुद्रा सोलून कोलाजसाठी कापता येतो. जाड ओतलं तर वरची साय आधी वाळून आक्रसते आणि भेगा पडतात.

नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात समोरासमोरची दोन ॲक्रिलिक पानं हमखास चिकटतात. वाळलेला पापुद्राही चाळिशीच्या तापमानाला मऊ होतो, आणि वहीच्या दाबाने दोन्ही थर एकजीव होऊ लागतात. मधे बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद ठेवा. चिकटलीच तर ओढू नका. वही पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, पापुद्रा कडक होतो आणि पानं अलगद सुटतात.

ब्रश धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, त्यात तेच प्लास्टिकचे कण असतात. इथे तुरटी कामाला येते. कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून दूर राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार शमवतं आणि कणांच्या गुठळ्या होतात. एक लिटर पाण्याला तुरटीच्या पुडीचा सपाट चहाचा चमचा घालून ढवळा. तुरटीने पाणी आम्ल होतं, म्हणून पीएच पट्टी सातच्या आसपास येईपर्यंत चिमूट-चिमूट चुना घाला. रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून बेसिनमध्ये सोडा. तळचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका, कुंडीत नको: कॅडमियमसारखी रंगद्रव्यं मातीत गेली की तिथेच राहतात.