पार्श्वभूमी : फिल्मचा निकाल प्रोजेक्टरपाशी लागला

सिनेमा फिल्मवर चित्रित करावा की डिजिटल कॅमेऱ्यावर, हा वाद बहुतेक वेळा कॅमेऱ्याभोवती फिरतो. फिल्मचे दाणे, त्वचेचा रंग, उजेड फार वाढला तरी टिकून राहणारे तपशील यांवर छायाचित्रकार तळमळीने बोलतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण या बदलाचा इतिहास पाहिला की वेगळेच दिसते. निकाल लागला तो प्रोजेक्टरपाशी, आणि तिथे प्रश्न चित्राच्या सौंदर्यापेक्षा चित्रगृहांना पाठवायच्या फिल्मच्या प्रतींच्या, म्हणजे प्रिंटच्या, खर्चाचा होता.

३५ मिलिमीटर रुंदीची, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे असलेली फिल्म १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी विल्यम डिक्सन यांनी घडवली. पुढे तीच जगभर प्रमाण ठरली. मूकपटांनंतर आवाज आला, सेकंदाला २४ चौकटी हा वेग पक्का झाला, रंग आले. चटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म १९५० च्या आसपास मागे पडली आणि तिच्या जागी सुरक्षित अ‍ॅसिटेट फिल्म आली. एवढे सगळे होऊनही पट्टीची रुंदी तीच राहिली. कुठल्याही देशात चित्रित झालेले रीळ दुसऱ्या कुठल्याही देशातल्या प्रोजेक्टरवर चढवता येत असे. इतकी वर्षे टिकलेले असे दुसरे तांत्रिक प्रमाण मला सहज आठवत नाही.

या पद्धतीचे ओझेही मोठे होते. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाची एक प्रिंट १०,८०० फूट, जवळपास ३.३ किलोमीटर लांब. ती रिळांमध्ये विभागायची, डब्यांत भरायची, गावोगाव पाठवायची, परत आणायची. प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक चौकट क्षणभर थांबते, प्रकाश तिच्यातून जातो, झडप फिरते आणि दात पुढची चौकट ओढतात. प्रत्येक खेळाला हा ताण फिल्मवर पडतो. ओरखडे उठतात, धूळ बसते, छिद्रे फाटतात, तुटलेला तुकडा कापून जोड द्यावा लागतो आणि त्यात काही चौकटी कायमच्या जातात.

आणखी एक गोष्ट वादात हमखास विसरली जाते. प्रेक्षकाने मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यात चित्रित झालेली उलट्या रंगांची फिल्म, पडद्यावर कधी पाहिलेच नव्हते. निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह (सुलट प्रत), त्यावरून ड्यूप निगेटिव्ह (पुन्हा उलट प्रत) आणि त्यावरून प्रदर्शनाची प्रिंट, असा प्रवास होत असे. प्रत्येक नकलेत थोडी तीक्ष्णता हरवायची. त्यामुळे निगेटिव्हच्या गुणांची तुलना डिजिटल प्रक्षेपणाशी करणे मला न्याय्य वाटत नाही. तुलना करायची तर अनेक आठवडे चाललेल्या प्रिंटशी करावी.

प्रक्षेपणातला बदल एका चिपमुळे शक्य झाला. १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चिप तयार केली. तिच्यावरचा प्रत्येक आरसा एका बिंदूचा प्रकाश पडद्याकडे वळवतो किंवा बाजूला टाकतो. जून १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला एक चित्रपट अमेरिकेत मोजक्या पडद्यांवर डिजिटल प्रोजेक्टरने दाखवला गेला. २००२ मध्ये सात मोठ्या हॉलिवूड स्टुडिओंनी एकत्र येऊन ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज’ ही संस्था काढली आणि जुलै २००५ मध्ये तिचे तांत्रिक निकष जाहीर झाले: २०४८ × १०८० किंवा ४०९६ × २१६० बिंदू, जेपीईजी २००० पद्धतीने फाइलचा आकार कमी करणे आणि कुलूपबंद फाइल. ती फाइल ठरलेल्या सर्व्हरवर, ठरलेल्या मुदतीतच, त्यासाठी पाठवलेल्या किल्लीने उघडते.

अडचण पैशाची होती. प्रिंट वाचल्याने बचत व्हायची वितरकाची आणि महागडा प्रोजेक्टर घ्यायचा चित्रगृहाने. तोडगा निघाला तो ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’चा: प्रत्येक डिजिटल प्रतीमागे वाचलेल्या रकमेतला काही भाग स्टुडिओ प्रोजेक्टरच्या खर्चापोटी देणार. २००९ च्या अखेरीस आलेल्या ‘अवतार’ने थ्रीडीची मागणी वाढवली आणि थ्रीडीला डिजिटल प्रोजेक्टर लागत होता. त्यानंतर रूपांतराचा वेग फार वाढला. २०१४ च्या सुरुवातीला पॅरामाउंटने अमेरिकेत फिल्मच्या प्रिंट पाठवणे थांबवल्याची बातमी आली.

आता हिशेब पाहा. एका चित्रपटाच्या २,००० प्रिंट काढल्या तर ६,६०० किलोमीटर फिल्म लागते. तोच चित्रपट चित्रित करताना अंतिम लांबीच्या वीसपट निगेटिव्ह खर्च केली, तरी ती ६६ किलोमीटरच भरते. कारखाने आणि लॅब यांचा गाडा प्रिंटवर चालत होता. प्रिंट थांबल्या आणि ज्यांना फिल्मवरच चित्रीकरण करायचे होते, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

कॅमेऱ्याची बाजूही तोवर तयार झाली होती, हे खरे. २००० नंतर फिल्म स्कॅन करून रंगसंस्कार संगणकावर करण्याची ‘डिजिटल इंटरमीडिएट’ पद्धत रुळली. २००७ मध्ये ‘रेड वन’ हा डिजिटल कॅमेरा आला आणि २०१० मध्ये ‘अ‍ॅलेक्सा’. ‘अ‍ॅलेक्सा’चा सेन्सर ३५ मिलिमीटर चौकटीएवढा होता आणि उजेड-अंधाराची मोठी व्याप्ती तो पेलत असे, म्हणून फिल्मवर हात बसलेल्या छायाचित्रकारांनीही त्याला जवळ केले. २०११ पर्यंत अ‍ॅरी, पॅनाव्हिजन आणि आटॉन या कॅमेरा कंपन्यांनी फिल्म कॅमेऱ्यांचे नियमित उत्पादन थांबवले होते. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले, तर फुजीफिल्मने २०१३ मध्ये चित्रीकरणाच्या आणि प्रिंटच्या फिल्मचे उत्पादन बंद केले. काही नामवंत दिग्दर्शकांनी आग्रह धरला, म्हणून २०१५ मध्ये मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले. आज फिल्मवर चित्रित करता येते ते या आग्रहामुळे.

या घाईत जतनाचा विचार मागे राहिला, याची मला सर्वात जास्त काळजी वाटते. अमेरिकेतल्या मोशन पिक्चर अकादमीने २००७ च्या अहवालात हिशेब मांडला होता: चित्रपटाची फिल्मवरची मूळ प्रत सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, तर ४के (सुमारे चार हजार बिंदू रुंदीची) डिजिटल प्रत सांभाळायला १२,५१४ डॉलर. साठवण स्वस्त होत गेली तरी मूळ अडचण तशीच आहे. टेप आणि डिस्क काही वर्षांत जुन्या होतात, त्या वाचणारी यंत्रे बाजारातून जातात आणि मजकूर पुन्हापुन्हा नव्या माध्यमावर उतरवावा लागतो. एखाद्या पिढीने हे काम टाळले की चित्रपट गेला. म्हणून काही स्टुडिओ डिजिटल चित्रीकरण झालेले चित्रपटही लाल, हिरवा आणि निळा या रंगांच्या तीन वेगळ्या कृष्णधवल पट्ट्यांवर उतरवून थंड, कोरड्या तिजोऱ्यांत ठेवतात. त्यांतली प्रतिमा चांदीची असते, तिला उडून जाणारा रंग नसतो आणि ती पाहायला भिंग व उजेड पुरतो.