गंजावर कन्व्हर्टर मारला की गंज कायमचा थांबतो?

जुन्या मारुती ओम्नी व्हॅनच्या सरकत्या दाराखालचा पत्रा गंजला तर ‘वरून रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं द्रव्य) मारा, पुट्टी-रंग करा, गंज कायमचा थांबेल’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. रंग सुरुवातीला छान दिसतो, त्यामुळे हा सल्ला पटणं साहजिक आहे.

कन्व्हर्टर पृष्ठभागावरच्या पातळ गंजावर खरोखर काम करतो. पण दाराखालचा उंबरा आतून पोकळ असतो. रेलमधली माती आणि पाणी आत साचतं, निचऱ्याची भोकं बुजतात आणि गंज पत्रा आतून खात जातो. तिथे बाहेरून मारलेलं द्रव्य पोहोचतच नाही. पुट्टीही ओलावा धरते, मग फुगे येतात.

तपासणी सोपी आहे. चुंबक फिरवा: जिथे पकड ढिली, तिथे पुट्टी जाड किंवा पत्रा झिजलेला. मग पेचकसाचं टोक दाबा. ते आत गेलं तर तो भाग कापायलाच हवा.

बॅटरी सोडवून, चमकता धातू लागेपर्यंत कापा. ०.८ ते १ मिमीचा पत्रा मिग वेल्डिंगने (तार वितळवून होणारं विजेचं वेल्डिंग) छोटे टाके घालून जोडा, एकेक टाका लांब-लांब. सलग वेल्डने पत्रा वाकतो आणि दार अडकतं. पूर्ण जोडण्याआधी दार बसवून फट पाहाच, ही पायरी अनेकदा राहून जाते. मग प्रायमर, सांध्यांना सीलर, रंग, शेवटी पोकळीत गंजरोधक मेण. निचऱ्याची भोकं मात्र मोकळी ठेवा.