मेन्यूचा फोटो आणि पोस्टचा फोटो, दोन्ही एकच नाहीत

कुठल्याही रेस्टॉरंटचं इन्स्टा पेज उघडा, बऱ्याचदा एकच प्रकार दिसतो. पांढरं बॅकग्राउंड, मधोमध प्लेट, सगळीकडे सारखा लाइट, आणि असे फोटो एकाखाली एक ओळीने. फोटो वाईट असतात का, तर अजिबात नाही, उलट चांगल्या फोटोग्राफरकडून काढून घेतलेले असतात, शार्प असतात, रंग बरोबर असतात, पण त्यावर कोणी थांबत नाही. आणि डिलिव्हरी अ‍ॅपवर काही जणांचं बरोबर उलट, अंधारा मूडी फोटो, अर्धी प्लेट फ्रेमच्या बाहेर, मागे मेणबत्ती, बघणाऱ्याला कळतच नाही की यात नक्की मिळणार काय आहे. दोन्हीकडे घोळ एकच, मेन्यूचा फोटो आणि सोशल मीडियाचा फोटो एकच असं धरून चाललंय. एकदा शूट करायचं आणि तेच फोटो सगळीकडे टाकायचे. पैसे वाचतात हे मान्य, पण दोन्हीपैकी एका जागी तरी तो फोटो फुकट जातो.

फरक कॅमेऱ्यात नाहीये, बघणाऱ्यात आहे. मेन्यू बघणाऱ्या माणसाला भूक लागलीये, तो आधीच तुमच्या दारात आलाय, हे घेऊ की ते एवढंच ठरवतोय. त्याचे प्रश्न साधे असतात, यात काय काय आहे, किती आहे, सोबत काय येतं, दोघांना पुरेल का. इन्स्टावर स्क्रोल करणारा कदाचित नुकताच पोटभर जेवून बसलाय, मित्राच्या ट्रिपचे फोटो बघतोय आणि मध्येच तुमची प्लेट येते. त्याने तुम्हाला काही विचारलेलंच नाही. त्याला आधी थांबवायचंय, मग तिथे जाऊन बसावंसं वाटायला लावायचंय. म्हणजे मेन्यूचा फोटो उत्तर देतो आणि पोस्टचा फोटो इच्छा जागी करतो, आणि ही दोन कामं करायला फोटो बरेचदा अगदी उलट्या पद्धतीने काढावा लागतो.

एक सूपचा बाऊल घ्या, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. हे दिवे बंद करणं दोन्ही फोटोंना लागू आहे आणि लोक नेमकं तेच विसरतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा असतो आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दोन्ही एकत्र पडले की बाऊलची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते, मग कितीही फिल्टर मारा, एक बाजू नीट करायला गेलं की दुसरी बिघडते. फोनचा फ्लॅश तर बंदच ठेवायचा.

आता मेन्यूचा फोटो. उजेड बाजूने येऊ दे, खिडकीला पातळ पांढरा पडदा, आणि बाऊलच्या दुसऱ्या बाजूला एक पांढरा थर्माकोल उभा करा म्हणजे सावली मवाळ होते आणि सूपातले सगळे तुकडे दिसतात. कॅमेरा साधारण ४५ अंशावर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाला जसं दिसतं तसं. पूर्ण बाऊल फ्रेममध्ये, चारी बाजूंना थोडी मोकळी जागा, कारण अ‍ॅप आपल्या मनाने फोटो कापतं. सोबत ब्रेड येत असेल तर ब्रेड दिसलाच पाहिजे, येत नसेल तर तो सजावटीलाही ठेवायचा नाही. चमचा ठेवा, त्यावरून साइझचा अंदाज येतो.

आणि आता तोच बाऊल, तेच टेबल, फक्त पोस्टसाठी. थर्माकोल काढून टाका. बाऊल असा फिरवा की खिडकी त्याच्या मागे किंवा मागे-बाजूला येईल आणि मागच्या भिंतीवर काहीतरी गडद कापड लावा. लगेच दोन गोष्टी घडतात, सूपाच्या पृष्ठभागावर चमक येते आणि मघाशी डोळ्याला दिसतही नसलेली वाफ त्या गडद कापडासमोर उठून दिसते. ही वाफ मिनिटभरच टिकते म्हणून फ्रेम, फोकस सगळं आधी रिकाम्या बाऊलवर सेट करून ठेवायचं आणि गरम सूप सगळ्यात शेवटी ओतायचं. मग जवळ जा, अर्धा बाऊल कापला गेला तरी चालेल, कोणाचा तरी हात ब्रेड बुडवताना येऊ दे. जवळ जाताना फोन अगदी प्लेटला टेकवू नका, मेन लेन्स वाइड असते, पुढची कड फुगून दिसते, त्यापेक्षा एक पाऊल मागे येऊन २एक्स झूम वापरा. या फोटोत किती क्वांटिटी आहे ते कळणार नाही आणि कळायची गरजही नाही.

अँगलचं थोडक्यात सांगायचं तर पदार्थाची ओळख जिथे असते तिथून बघायचं. पिझ्झा वरून, बर्गर समोरून, कारण बर्गर वरून काढला तर नुसता पाव दिसतो. मेन्यूत हा नियम मोडू नये, पोस्टमध्ये खुशाल मोडा.

आता जिथे खरी गल्लत होते तो मुद्दा, खरेपणाचा. पुष्कळ लोक म्हणतात सोशल मीडियावर सगळं चालतं, जाहिरातच आहे ना. मला हे पटत नाही. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत बाऊलच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे खाली न बसता वर येतील आणि सूप भरगच्च दिसेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यावर कारवाई केली, ही १९७० ची गोष्ट आहे. सूपही खरं होतं, भाज्याही खऱ्या होत्या, खोटी होती फक्त क्वांटिटी, आणि तेवढं पुरलं. त्याउलट २०१२ मध्ये मॅकडोनाल्ड्स कॅनडाने स्वतःच एक व्हिडिओ काढून दाखवलं होतं की जाहिरातीतला बर्गर दुकानातल्यापेक्षा वेगळा का दिसतो. सामान तेच, पण फोटोसाठी सगळं पुढच्या कडेला सरकवून लावतात म्हणजे आत काय काय आहे ते दिसतं, शिवाय बॉक्समधल्या वाफेने पाव थोडा आक्रसतो, फोटोतला तसा होत नाही.

या दोन उदाहरणांच्या मध्ये कुठेतरी रेष आहे आणि ती दोन फोटोंसाठी वेगवेगळ्या जागी पडते असं माझं मत आहे. मेन्यूच्या फोटोत किचनमधून रोज निघते तशीच प्लेट हवी, तेच भांडं, तेवढंच वजन, तेच गार्निश. शूटच्या दिवशी शेफने स्पेशल प्लेटिंग केलं आणि गर्दीच्या वेळी ते कोणाला जमतच नसेल तर तो मेन्यूचा फोटो नाहीच. पोस्टच्या फोटोत आजूबाजूला जेवढं स्वातंत्र्य घ्यायचं तेवढं घ्या, उजेड, कापड, हात, फुलं, पाऊस पडणारी खिडकी, पण प्लेटच्या आत काय आहे त्याला हात लावायचा नाही. एआयने बनवलेली प्लेट तर दोन्हीकडे नको, कारण ती प्लेट तुमच्या किचनमध्ये कधी बनलेलीच नसते आणि समोर आलेली थाळी बघून चेहरा पडलेला गिऱ्हाईक परत येत नाही.

एडिटिंगलाही हेच लागू होतं. मेन्यूच्या सगळ्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स (म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा अशी रंगांची सेटिंग), बॅकग्राउंड, अँगल एकसारखा ठेवा, कारण तिथे लोक दोन पदार्थ शेजारी ठेवून बघतात आणि एकच फोटो जास्त उजळ असला तर बाकीचे उगाच शिळे वाटायला लागतात. पोस्टमध्ये मात्र एकसारखेपणाचा अतिरेक झाला की पेज कॅटलॉगसारखं दिसतं. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, दोन्हीकडे जपून, लाल रंग पटकन प्लॅस्टिकसारखा होतो.

साइझबद्दल जास्त लिहीत नाही. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा फक्त चौकोनी फोटो चालायचे, २०१५ पासून उभे-आडवे चालू झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला प्रोफाइलची ग्रिड पण चौकोनीची उभी झाली. म्हणजे पोस्टसाठी उभा फोटो काढा, ४:५ चालतो, रील आणि स्टोरीला ९:१६. मेन्यूसाठी आपलं अ‍ॅप काय मागतं ते बघून त्याप्रमाणे वेगळा काढा, उभा फोटो कापून चौकोनी करत बसलात की नेमकी प्लेटची कडच जाते.

काम झालं की नाही हे बघायची पट्टीही वेगवेगळी. मेन्यूच्या फोटोला लाइक नसतातच, तिथे बघायचं की ती आयटम उघडणाऱ्यांपैकी किती जण ऑर्डर करतात आणि "फोटोत होतं तसं आलं नाही" अशा तक्रारी येतात का. पोस्टला लाइक मिळाले म्हणून खूश होऊ नका, सेव्ह आणि शेअर बघा. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही उघड सांगितलंय की पोस्ट नवीन लोकांपर्यंत पोचायला, ती किती जण दुसऱ्याला पाठवतात याला मोठं वजन आहे. आणि ते स्वाभाविकच आहे, माणूस फोटो मित्राला पाठवतो तेव्हा सोबत "जायचं का शनिवारी" असंच काहीतरी लिहितो.

गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो पोस्टसाठी उत्तम असतात, थोडे वाकडे असले तरी लोकांचा त्यावर विश्वास बसतो, फक्त विचारून घ्या आणि नाव द्या, फोटो काढणाऱ्याचा असतो. मेन्यूत मात्र ते टाकू नका, प्रत्येकाचा उजेड वेगळा, अर्धी खाल्लेली प्लेट, काही ताळमेळ राहत नाही.

आणि एक फरक तर शूट संपल्यावरच कळतो. पोस्टचा फोटो जुना झाला तरी खाली सरकत जातो, दोन वर्षांपूर्वीची पोस्ट आहे हे तारखेवरून लोकांना समजतं. मेन्यूच्या फोटोला तारीख नसते. भांडं बदललं, पोर्शन कमी केला, सोबतचं सॅलड बंद केलं, की त्याच दिवशी तो फोटो उतरवायचा, आणि नवीन काढेपर्यंत ती जागा रिकामी राहिली तरी चालेल.