तलावाचं पाणी पहाटे पाचला मोजा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या एखाद्या तलावाच्या पाळीवर गर्दी दिसते. पांढरी पोटं वर करून मासे तरंगत असतात. कोणी तरी विष टाकलं, ही पहिली शंका. देवी कोपली, ही दुसरी. अकरा-बाराच्या सुमारास कोणी तरी पाण्याचा नमुना नेतं. ऊन पडलेलं असेल तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ६-७ मिलिग्रॅम भरतो, पाणी ठीक ठरतं आणि विषाची शंका आणखी पक्की होते. अहवाल खोटा नसतो. नमुना चुकीच्या वेळी घेतलेला असतो.

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. रोहू, कटला, मृगळ यांना नीट वाढायला ५ लागतात. आकडा तीनच्या खाली गेला की ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, एकच्या खाली गेला तर काही तासांत मरतात. गटाराचं पाणी येणाऱ्या तलावात नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं आणि पाणी गर्द हिरवं होतं. दुपारी तीन-चारला हे शेवाळ ऑक्सिजन १२-१५ पर्यंतही चढवतं. रात्री मात्र शेवाळ, जिवाणू आणि मासे तिघंही तोच ऑक्सिजन वापरतात, भर घालणारं कोणी नसतं. नीचांक येतो सूर्योदयाच्या जरा आधी.

पण रोज रात्री असं होतं, मग मासे पहिल्या पावसातच का मरतात? याचं उत्तर पाण्याच्या वजनात आहे. ३० अंशांच्या हजार लिटर पाण्याचं वजन ९९५.६५ किलो, २५ अंशांच्या पाण्याचं ९९७.०५. फरक १.४ किलो. हेच पाच अंश थंड प्रदेशात, म्हणजे १० आणि ५ अंशांच्या दरम्यान घेतले, तर फरक पाव किलोच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात वरच्या आणि खालच्या पाण्यात चार-पाच अंशांचा फरक पडला, तरी हलकं ऊन पाणी वर आणि जड गार पाणी खाली असे दोन थर घट्ट बसतात. संध्याकाळची झुळूक ते मोडू शकत नाही. उथळ जागी रात्रीच्या गारव्यात ते मिसळतात, खोल भागात आठवडेच्या आठवडे टिकतात. नुसत्या विसरणाने, म्हणजे न ढवळता आपोआप पसरून, ऑक्सिजन खाली पोचायचा, तर पाण्यात ती क्रिया हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद. खालच्या थरात गाळ कुजत राहतो, ऑक्सिजन संपतो, मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, मिथेन साठतात. काठावर सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा.

मग पाऊस येतो. थंड पाणी जड म्हणून तळाशी घुसतं, वारा पृष्ठभाग ढवळतो, तापमानातला फरक पुसला जातो आणि अख्खा तलाव उलथतो. तळाचं ऑक्सिजनशून्य पाणी वर येऊन वरच्या पाण्यातला ऑक्सिजनही खातं. त्यात रस्त्यांवरची आणि नाल्यांतली घाण वाहून आलेली असते. पुढे दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं की शेवाळही फारसा ऑक्सिजन बनवत नाही.

विष की गुदमरणं, हे बऱ्याचदा काठावरूनच ओळखता येतं. गुदमरताना एकाच जातीतले मोठे मासे आधी जातात, मरण पहाटे येतं, कल्ले ताणून उघडलेले असतात आणि हवेतून श्वास घेणारे मागूर, मरळ वाचतात. विषात लहान मासे आधी जातात, वेळेचा नेम नसतो, पाण्यातले किडेही मेलेले आढळतात.

खात्रीसाठी विरघळलेला ऑक्सिजन मोजायची १८८८ सालची विंकलरची पद्धत आजही चालते. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न ठेवता भरायची. मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणं प्रत्येकी एक मिली पृष्ठभागाखाली सोडून बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. दुधासारखा पांढरा राहिला तर जवळपास नाहीच, आणि हे तिथेच, पाळीवर उभं राहून दिसतं. नेमका आकडा हवा असेल तर साका बसल्यावर एक मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून (हातमोजे हवेतच) २०१ मिली द्रावणाचं ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन करायचं, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून किती लागतं ते मोजायचं. शेवटी स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत जितके मिली लागले, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. साका न बनवता नमुना तसाच नेला, तर वाटेत जिवाणू ऑक्सिजन खातात आणि आकडा घसरतो.

'जिवाणूंची पावडर टाका, तलाव शुद्ध' अशा जाहिरातींवर पैसा घालवू नये. ते जिवाणूही श्वास घेतात, आणि गटार चालू असेल तर पावडर काय करणार? निर्माल्य तलावात सोडलं म्हणून पुण्य लागत नाही, ते कुजतं. वाळल्यावर एक किलो भरेल इतकं निर्माल्य पूर्ण कुजायला सुमारे एक किलो ऑक्सिजन लागतो. तेवढा ऑक्सिजन उन्हाळ्यातल्या सुमारे १ लाख ४० हजार लिटर ऑक्सिजनने पूर्ण भरलेल्या पाण्यात असतो, म्हणजे दहा हजार लिटरच्या चौदा टँकरांत. कारंजंही वेळ पाहूनच चालवावं. हिरव्या तलावात ते संध्याकाळी चालवलं, तर जास्तीचा ऑक्सिजन उलट हवेत निघून जातो. रात्री बारा ते सूर्योदय चालवलं तर मासे वाचतात.

मासे मेल्याची किंमत मोजतात ती मासेमारी करणारी ढिवर-भोई कुटुंबं. तलाव मत्स्य सहकारी संस्थेकडे ठेक्यावर असतो. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वर्षभरात किलोभराची होते, म्हणजे जूनमध्ये मरतो तो विक्रीला आलेला मासा. आभाळ भरून आलं आणि मासे वर तोंड काढू लागले, तर शेणखत आणि खाद्य त्याच दिवशी बंद करावं, पंपाने वरच्या थरातलं पाणी रात्रभर फवारावं आणि विकण्याजोगा मासा आधीच काढावा. चुना दुपारी टाकू नये, त्याने पाण्याचा सामू (पीएच) आणखी चढतो. शेवाळामुळे सामू तेव्हा आधीच नऊच्या घरात असतो, आणि सामू सातवरून नऊवर गेला की अमोनियाचा विषारी हिस्सा एका टक्क्याहून कमी होता तो चाळीस टक्क्यांपलीकडे जातो.

मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढून पुरावेत, नाही तर तेही कुजून ऑक्सिजन ओढतात. नवी बोटुकली सोडण्याआधी आठवडाभर पहाटेचा आकडा चारच्या वर टिकला पाहिजे. त्याच तलावात शिंगाडा लावायचा असेल तर वेल पसरून सगळं पाणी झाकू देऊ नये. तरंगती पानं आपला ऑक्सिजन हवेत सोडतात आणि खालचा उजेड अडवतात, म्हणून वाऱ्याच्या दिशेने उघड्या पाण्याचे पट्टे राखावेत.