आंतरराष्ट्रीय करारात देश सामील कसा होतो? पात्रता, टप्पे आणि कागदपत्रे

अमुक देशाने करारावर सही केली अशी बातमी आली, की तो देश कराराने बांधला गेला असे बरेच जण धरून चालतात. बहुतेक बहुपक्षीय करारांत तसे होत नाही. अमेरिकेने बालहक्क करारावर 1995 मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे बांधील राहण्याची अंतिम औपचारिक संमती, दिले नाही, म्हणून ती त्या कराराची पक्षकार नाही.

कोणते देश पात्र आहेत, हे बहुधा कराराच्या शेवटच्या कलमांत लिहिलेले असते. काही करार सर्वांना खुले असतात, काही ठरावीक प्रदेशापुरते. वाचायला सुरुवात तिथूनच करावी.

देशातर्फे सही करायला राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना वेगळे अधिकारपत्र लागत नाही. इतरांना सहसा या तिघांपैकी एकाने दिलेले पूर्णाधिकारपत्र सादर करावे लागते. अनुसमर्थन बाकी असले तरी सहीला अर्थ असतोच: कराराचा मूळ हेतूच हाणून पाडेल असे काही करायचे नाही, हे बंधन तेव्हापासून लागते (करारांच्या नियमांविषयीचा 1969 चा व्हिएन्ना करार, कलम 18).

खरी गल्लत पुढे होते. संसदेची मंजुरी ही देशांतर्गत बाब आहे. तेवढ्याने देश पक्षकार होत नाही. त्यासाठी अनुसमर्थनपत्र जमा करावे लागते. त्यात कराराचे पूर्ण नाव, तो कुठे व केव्हा झाला, बांधील राहण्याची निःसंदिग्ध ग्वाही, पत्राची तारीख व ठिकाण आणि वरील तिघांपैकी एकाची सही हवी. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव 560 हून अधिक करारांचे निक्षेपक, म्हणजे अधिकृत जतनकर्ते आहेत. त्यांच्याकडे जमा करायचे पत्र न्यूयॉर्कला पोहोचते ती तारीख धरली जाते.

सहीची मुदत उलटली तरी दार बंद होत नाही. पॅरिस हवामान करार सहीसाठी 21 एप्रिल 2017 पर्यंत खुला होता. त्यानंतर येणारा देश थेट प्रवेशपत्र देतो. याला अ‍ॅक्सेशन म्हणतात आणि त्याचे बंधन अनुसमर्थनाइतकेच पक्के असते.

एखादे कलम आपल्याला लागू नको असेल, तर तसे रिझर्व्हेशन, म्हणजे अपवादाची नोंद, लेखी आणि पत्रासोबतच द्यावे. मात्र आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कायद्यात (हाही एक करारच) ही सवलत मुळीच नाही.

पत्र दिले म्हणजे करार त्याच दिवशी लागू होतो असेही नाही. पॅरिस कराराला किमान 55 पक्षकार आणि त्यांच्या वाट्याला जगातले किमान 55 टक्के हरितगृह वायूंचे उत्सर्जन अशी दुहेरी अट होती. ती पुरी झाल्यावर तो 4 नोव्हेंबर 2016 ला अमलात आला. नंतर सामील होणाऱ्या देशाला तो पत्र जमा केल्यापासून तिसाव्या दिवशी लागू होतो.