थँक्सगिव्हिंगला समुद्रावर जायचं खूळ आलं कुठून?

नोव्हेंबर लागला की सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच विषय सुरू होतो, चार दिवस सुट्टी आहे, मॉन्टेरे की हाफ मून बे, घर कोण बुक करतंय, आणि मग हमखास कोणीतरी विचारतं की अहो थँक्सगिव्हिंग म्हणजे घरी बसून टर्की खायचा सण ना, समुद्रावर कसले जाताय. खरं तर उलटं आहे. ज्या जेवणाशी अमेरिकेतला हा सण जोडतात ते समुद्रकाठीच झालं होतं, टर्की आणि सजवलेलं डायनिंग टेबल त्याला फार नंतर चिकटलं.

इंग्लंडहून वस्ती करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजावर 102 प्रवासी होते. 1620 च्या नोव्हेंबरात त्यांनी आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या टोकाला नांगर टाकला, डिसेंबरात पलीकडे प्लिमथला उतरले, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळजवळ निम्मे गेले. जिथे वस्ती केली ती जागा मोकळी नव्हती, मोकळी झाली होती. तिथे वाम्पानोग या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं पाटक्सेट नावाचं गाव होतं, युरोपी जहाजांबरोबर आलेल्या साथीत 1616 ते 1619 च्या दरम्यान ते अख्खं संपलं. त्या गावचा टिस्क्वांटम 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनला विकायला नेला होता, तिथून तो कसाबसा लंडनला पोचला आणि 1619 मध्ये परत आला तर गावात माणूस नाही. शाळेत मुलांना शिकवतात तो प्रेमळ 'स्क्वांटो' तो हाच, फक्त ही मधली गोष्ट गाळून. त्याने या नवख्यांना मक्याच्या बियाण्याखाली मासे पुरायला शिकवलं, आणि खाडीच्या चिखलात पाय रोवून तुडवत तुडवत वामीसारखे लांब ईल मासे वर काढायचे आणि नुसत्या हाताने धरायचे हेही.

1621 च्या सुगीनंतर तीन दिवस जेवणं झाली. मॅसासॉइट हा वाम्पानोग प्रमुख नव्वदेक माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली. हे आपल्याला कळतं त्या वस्तीतल्याच एडवर्ड विन्स्लोच्या एका पत्रातून, त्यातही या प्रसंगावर चारदोन ओळीच. हरणं आणि शिकारीचे पक्षी हे नक्की, टर्कीचं नाव त्या ओळींत नाही. पण त्याच पत्रात तो सांगतो की आमच्या उपसागरात उन्हाळाभर शेवंडं भरलेली असतात, सप्टेंबरात ईल पिंपभर मिळतात, शिनाणे तर दाराशीच. आता सांगा, एवढं सगळं समोर असताना ती माणसं तीन दिवस नुसती हरणं खात बसली असतील? मला नाही वाटत. बटाटा नव्हता, भोपळ्याचा पाय (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) तर नाहीच.

आणि त्यांच्या लेखी हा थँक्सगिव्हिंग नव्हताच, त्यांच्यात त्या नावाचा दिवस म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना. 1621 च्या मेजवानीला 'पहिलं थँक्सगिव्हिंग' हे लेबल 1841 मध्ये एका इतिहासकाराने तळटीपेत लावलं. त्याच काळात सारा जोसेफा हेल ही बाई, बायकांच्या एका खूप खपणाऱ्या मासिकाची संपादक, वर्षानुवर्षं अग्रलेख लिहून आणि गव्हर्नरांना पत्रं पाठवून मागे लागली होती की देशभर एकच दिवस ठरवा. लिंकनने 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. भाजलेली टर्की, पाय, सगळं कुटुंब एका टेबलाशी हे चित्र या काळातलं, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या घरांतून निघून मासिकांतून देशभर गेलेलं. समुद्र त्यातून गायब झाला.

1939 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने तारीख एक आठवडा आधी ओढली, का तर त्या वर्षी शेवटचा गुरुवार 30 तारखेला येत होता आणि ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून दुकानदार कुरकुरत होते. निम्मी राज्यं एका तारखेला, निम्मी दुसऱ्या, असा गोंधळ झाला. शेवटी 1941 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, चौथा गुरुवार कायद्याने पक्का केला. शुक्रवारही बऱ्याच ऑफिसांना सुट्टी, म्हणून चार दिवस जोडून मिळतात, आपली ट्रिप उभी आहे ती यावर.

पाणी मात्र दुसऱ्या बाजूने परत आलं. 1970 मध्ये मेफ्लॉवर येण्याला 350 वर्षं झाली त्या कार्यक्रमात वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोग माणसाला बोलायला बोलावलं, आयोजकांनी त्याचं भाषण आधी वाचलं आणि ते नको म्हणाले. मग त्याने आणि इतरांनी प्लिमथ बंदराच्या वरच्या कोल्स हिलवर त्याच गुरुवारी शोकदिन पाळला, तो अजून दर वर्षी पाळतात. इकडे सॅन फ्रान्सिस्कोत 1969 ते 71 अमेरिकेतल्या आदिवासींनी अल्काट्राझ बेट ताब्यात ठेवलं होतं, त्याची आठवण म्हणून 1975 पासून थँक्सगिव्हिंगला पहाटे अंधारात बोटी भरून लोक तिथे जातात, सूर्य उगवताना जमतात. तुम्ही मॉन्टेरेला कूलर भरत असता तेव्हा हे चालू असतं, एवढं माहीत असावं.

कॅलिफोर्नियाचं स्वतःचं आणखी एक कारण आहे, खेकडा. इथल्या डंजनेस खेकड्याचा व्यापारी सीझन पूर्वापार नोव्हेंबरच्या मध्यावर उघडायचा, आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटतात तसा, त्यामुळे कित्येक घरांत थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या शेजारी किंवा तिच्याऐवजी खेकडाच. मालवणी मसाल्यात तो झकास लागतो, कवच मात्र जाड, नुसत्या दातांनी फोडायच्या भानगडीत पडू नका. शिवाय हिवाळ्यात या किनाऱ्यावर मोठी ओहोटी दुपारी येते, उन्हाळ्यात ती भल्या पहाटे असते, त्यामुळे मॉस बीचच्या खडकांतले तारामासे बघायला पोरांना झोपेतून उठवावं लागत नाही. भरती-ओहोटीचं टेबल बघून निघा, पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका, इथे मधूनच एखादी लाट भलतीच आत येते.

खेकड्याचं मात्र आता खरं नाही. 2015 ला विषारी शेवाळामुळे सीझन लांबला तो थेट मार्चपर्यंत, आणि अलीकडे हंपबॅक देवमासे सापळ्यांच्या दोऱ्यांत अडकतात म्हणून बऱ्याचदा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच उजाडते. योग्यच आहे ते, पण घर बुक करतानाच ग्रुपवर ठरवून टाका, खेकडा नाही मिळाला तर कोळंबी कोण आणतंय.