औषधाच्या गळाला लागलेली प्रथिने

चिकोडी, रायबाग, निपाणी, खानापूर या पट्ट्यात शेतात फवारायच्या विषाला सगळे औषधच म्हणतात. 'औषध प्यायला' एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. गाडी बेळगावकडे, नाहीतर मिरज-कोल्हापूरकडे निघालेली असते. तिथे रक्ताची एक खास तपासणी होते, सीरम कोलिनएस्टरेज या एन्झाइमची. अहवालातला आकडा तळाला गेलेला दिसला की नातेवाइकांना वाटते, रक्तातले काहीतरी संपले. खरे तर एन्झाइम बहुतेक जागच्या जागी असते. बंद पडलेले असते त्याचे काम. ही तपासणी रेणू मोजतच नाही. एन्झाइमने तोडावा म्हणून कृत्रिम थायोकोलिन एस्टर द्यायचा, त्यातून सुटलेल्या थायोलशी (गंधकाच्या गटाशी) डीटीएनबी हे रसायन जुळले की पिवळा रंग येतो, तो ४१२ नॅनोमीटरला वाचायचा. जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली दिलेली ही रीत आजही प्रयोगशाळांत चालते.

हजेरीपटावर नावे किती आणि प्रत्यक्ष कामावर किती, हा तो फरक. एका एन्झाइमपुरता तो पिवळ्या रंगाने सुटतो. पेशीतल्या हजारो प्रथिनांसाठी तो सोडवायचे साधन आले १९९९ मध्ये, आणि गंमत अशी की ते आले याच 'औषधा'च्या, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट या फॉस्फरसवाल्या विषांच्या, कुळातून.

मोजणीची बाजू आधी पुढे गेली होती. १९७५ मध्ये पॅट्रिक ओ'फॅरेल यांनी प्रथिने एका दिशेने विद्युतभारानुसार आणि दुसऱ्या दिशेने वजनानुसार पसरवली. एकाच जेलवर ई. कोलाय जिवाणूची सुमारे ११०० प्रथिने ठिपक्यांसारखी वेगळी झाली. पण ठिपका कोणाचा हे ठरवायला एडमन पद्धतीने एकेक अमिनो आम्ल सोलत बसावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जॉन फेन यांचा इलेक्ट्रोस्प्रे आला आणि प्रथिनांसारखे नाजूक, जड रेणू न मोडता मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रात उडवता येऊ लागले. त्याच सुमारास कोइची तानाका यांनी कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळले, ते फेकून न देता तसेच लेसरखाली धरले आणि मोठ्या रेणूचा संकेत मिळाला. दोघांना २००२ चे नोबेल मिळाले. 'प्रोटिओम' (पेशीतल्या किंवा जिवातल्या सगळ्या प्रथिनांचा संच) हा शब्द मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये वापरात आणला. यंत्रातून आलेले वर्णपट प्रथिनांच्या माहीत असलेल्या क्रमांशी संगणकाने जुळवणारा सीक्वेस्ट हा प्रोग्रॅमही त्याच वर्षीचा.

नमुना तयार करायची मूळ रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. प्रथिने ८ मोलर युरियात उलगडायची, मग युरिया २ मोलरच्या खाली पातळ करायचा, ५० भाग प्रथिनाला १ भाग ट्रिप्सिन घालून सामू ८ च्या आसपास, ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचे. ट्रिप्सिन हे कापणारे एन्झाइम लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापते; पडलेले तुकडे म्हणजे पेप्टाइड. घाईला आलेला माणूस युरियातला नमुना ६० अंशांवर ठेवतो आणि तिथेच फसतो: तापलेल्या युरियातून सायनेट सुटते, ते लायसिनला चिकटते आणि ट्रिप्सिनला कापायची खूणच उरत नाही. दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे केराटिन, आपल्याच कातडीचे, केसांचे आणि लोकरी स्वेटरचे.

२०१४ मध्ये मानवी प्रोटिओमचे दोन आराखडे एकाच वेळी आले. त्यातला एक अखिलेश पांडे यांच्या गटाचा. त्यात बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्सचा मोठा वाटा होता आणि १७,२९४ जनुकांची प्रथिने सापडल्याचे सांगितले होते. लगेच आक्षेप आला: वास ओळखणाऱ्या ग्राहींची प्रथिने, ज्यांचे तिथे काही काम नाही अशा ऊतींतही कशी दिसली? दोष यंत्राचा नव्हता, बेरजेचा होता. खरे जुळलेले पेप्टाइड पुन्हा पुन्हा त्याच त्या प्रथिनांच्या खात्यात पडतात, खोटे जुळलेले मात्र यादीभर विखुरतात आणि प्रत्येक जण एक नवे प्रथिन 'शोधून' देतो. म्हणून पेप्टाइडच्या पातळीवर १ टक्का चूक चालवून घेतली तरी प्रथिनांच्या यादीत ती बरीच फुगते. आज दोन्ही पातळ्यांवर वेगळी गाळणी लावतात.

आता औषधाकडे. १९३२ मध्ये बर्लिनला विली लांगे आणि गेर्डा फॉन क्रूगर यांनी फ्लुओरोफॉस्फेटचे एस्टर बनवले. त्यांच्या वाफेने जीव घुसमटतो आणि नजर अंधारते, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली. गेर्हार्ड श्राडर १९३६ मध्ये कीटकनाशक शोधता शोधता टाबून या विषारी वायूपर्यंत पोचले. पॅराथिऑन हे कीटकनाशकही पुढे त्यांच्याच हातून आले. ही रसायने नेमके काय करतात याचा धागा १९४९ मध्ये यान्सेन, नटिंग आणि बॉल्स यांनी पकडला: डीएफपी या त्याच कुळातल्या रसायनाचा एक रेणू कायमोट्रिप्सिन या पचनाच्या एन्झाइमच्या एका रेणूला बंद पाडतो, एकास एक. मग किरणोत्सारी फॉस्फरस वापरून तो कुठे बसतो ते शोधले, तर जागा निघाली सीरीन या अमिनो आम्लाची, आजच्या क्रमांकाने १९५ वे. कायमोट्रिप्सिनमध्ये सीरीन पुष्कळ आहेत, पण बाकीच्यांना विषाने हात लावला नाही. शेजारच्या हिस्टिडिनमुळे तापट झालेला, कामावरचा सीरीन तेवढा सापडला. एन्झाइम उकळून उलगडले तर तोही सापडत नाही.

हे बंधन चिवट असते, आणि वेळ जाईल तसे आणखी पक्के होते. फॉस्फरसवरचा एक अल्किल गट गळून पडला की पीएएम हा उतारा देऊनही एन्झाइम सुटत नाही. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएटसारख्या डायमिथिल जातीत अर्धे एन्झाइम सुमारे ३.७ तासांत असे पक्के होते, क्लोरपायरीफॉससारख्या डायइथिल जातीत सुमारे ३३ तासांत. खानापूरच्या रानातून बेळगाव गाठायला लागणारा वेळ या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा.

बेंजामिन क्रॅव्हॅट यांच्या गटाने १९९९ मध्ये ही चिवट पकडच कामाला लावली. रचना मासे धरायच्या गळासारखी: एका टोकाला फ्लुओरोफॉस्फोनेट हा अडकवायचा आकडा, मध्ये कार्बनची दोरी, दुसऱ्या टोकाला ओढून काढायला बायोटिन किंवा पाहायला चमकणारे रोडामाइन. माणसात अशाच सीरीनवर काम चालवणाऱ्या सीरीन हायड्रोलेज कुळातली दोनशेहून जास्त एन्झाइमे आहेत. पचन, रक्त गोठणे, चरबी तोडणे, चेतासंदेश, सगळीकडे. एका गळाला त्यातली बहुतेक लागतात, ती सुद्धा कामावर असतील तरच.

प्रत्यक्ष कृती साधी आहे. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर प्रथिनाचे ५० मायक्रोलिटर घ्यायचे, गळ १ मायक्रोमोलर, अर्धा ते एक तास, मग प्रथिने उलगडणाऱ्या एसडीएसचे बफर घालून थांबवायचे, १० टक्के जेलवर पळवून स्कॅनरखाली धरायचे. शेजारी एक नमुना उकळून घेतलेला हवाच. त्यातही पट्टा दिसला तर तो कामाचा नव्हे, नुसता चिकटलेला. एखादे रसायन कशाला बांधते हे पाहायचे तर ते आधी अर्धा तास घालायचे, मागून गळ. जो पट्टा विझेल ते लक्ष्य.

इथे पहिल्यांदाच काम करणाऱ्याचा प्रयोग बहुधा पेशी फोडतानाच मरतो. सवयीने प्रोटिएज रोधकांचे (प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमांना अडवणाऱ्या रसायनांचे) मिश्रण टाकले जाते, त्यात पीएमएसएफ किंवा एईबीएसएफ असते, आणि ते नेमके त्याच सीरीनवर आधी जाऊन बसते. जेल कोरे येते आणि दोष गळाला दिला जातो. क्लोरपायरीफॉस थेट नळीत घालून 'काहीच विझले नाही' म्हणणारेही असतात. त्यातला फॉस्फरसला जोडलेला गंधक यकृतात ऑक्सिजनने बदलला जातो, तेव्हा खरे विष तयार होते. नळीत घालायचे तर त्याचा ऑक्सॉन, म्हणजे हा बदललेला प्रकार, घालावा लागतो. मोनोक्रोटोफॉस मुळातच ऑक्सिजनवाले. बायोटिनच्या गळात आणखी एक खोड आहे: उरलेला मोकळा गळ मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने धुऊन काढला नाही तर तोच बायोटिन पकडणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांवरच्या जागा अडवतो. शिवाय पायरुवेट कार्बोक्सिलेजसारखी काही प्रथिने पेशीत जन्मतःच बायोटिन लेऊन असतात. गळाशिवायचा नमुना शेजारी नसला तर तीही यादीत घुसतात.

जिवंत पेशीत बायोटिनची शेपटी नीट शिरत नाही. त्यावर तोड क्लिक रसायनाची निघाली: गळाला फक्त छोटा अल्काइन ठेवायचा आणि पेशी फोडल्यावर तांब्याच्या साक्षीने खूण जोडायची. २०१० मध्ये हीच युक्ती सिस्टिन या अमिनो आम्लाकडे वळवली गेली आणि कोणते सिस्टिन किती चपळ, याची मोजणी एकाच नमुन्यात शेकड्यांनी होऊ लागली. ज्या वनस्पतिजन्य रेणूला दोरी बांधायला जागाच नाही, त्याच्यासाठी २०१३ ची सीईटीएसए पद्धत बरी: रेणू बांधला की प्रथिन सहसा थोड्या जास्त तापमानाला साकळते, तोच फरक मोजायचा. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था असल्याने इथल्या विद्यार्थ्यांना वनस्पतींच्या अर्कांचे विषय वारंवार मिळतात. त्यांनी अर्क जसाच्या तसा न वापरता शुद्ध घटक घ्यावा; अर्कातली टॅनिने प्रथिनांना सरसकट साकळवतात.

गळाचा सर्वांत गंभीर वापर २०१७ मधला. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात बीआयए १०-२४७४ या रेणूच्या चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला, काहींना मेंदूची इजा झाली. हा रेणू एफएएएच हे सीरीन हायड्रोलेज बंद करण्यासाठी बनवला होता. मानवी पेशींत गळ टाकून पाहिल्यावर इतरही अनेक लायपेजांचे (चरबी तोडणाऱ्या एन्झाइमांचे) पट्टे विझलेले दिसले. त्याच लक्ष्यावरच्या दुसऱ्या एका रेणूने तसे केले नव्हते. मृत्यूचे कारण यातून सिद्ध झाले नाही. पण विझलेल्यांच्या यादीत पीएनपीएलए६ होते. तेच ते न्यूरोपथी टार्गेट एस्टरेज, जे काही ऑर्गॅनोफॉस्फेट विषांनी अडले की रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पावलांना मुंग्या येतात आणि पाय लुळे पडू लागतात. सीरम कोलिनएस्टरेजचा आकडा तोवर पूर्ववत होत आलेला असू शकतो.